वाळवंटातील टोळ आणि बोंडातील अळी

कीटकाने केलेली हानी डोळ्यांनी मोजावी की तराजूने, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु ज्याने पीक-नुकसानीचे कागद वर्षानुवर्षे लिहिले आहेत त्याला तो तसा वाटत नाही. सन 2017 ते 2020 ह्या अल्प अवधीत आपल्या नागपूर जिल्ह्याने दोन कीटकांचा प्रताप पाहिला. एक आकाशातून आला, त्याच्या नावाने थाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि थोड्याच दिवसांत तो निघूनही गेला. दुसरा केव्हा आला हे कोणी पाहिले नाही, आणि तो गेलाही नाही. हंगाम संपला तरी धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत तो निवांत मुक्काम करून असतो. पहिला वाळवंटातील टोळ, आणि दुसरी कपाशीच्या बोंडातील गुलाबी अळी. ह्या दोहोंची राहणी शेजारी ठेवून पाहिली असता आपल्या भयाची वाटणी किती विपरीत झाली आहे हे ध्यानात येते, म्हणून हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक कीटकशास्त्रज्ञ नव्हे. महसुली दप्तरात आयुष्य घालविलेला एक कारकून आहे. तथापि शास्त्रज्ञांनी जे प्रसिद्ध केले आहे ते समजून घेऊन शेतकरी बंधूंपुढे मांडण्यास तेवढी पात्रता पुरेशी व्हावी.

टोळाची गोष्ट प्रथम सांगतो, कारण ती सर्वांच्या स्मरणात ताजी आहे. मे 2020 च्या अखेरच्या आठवड्यात, टाळेबंदी चालू असतानाच, टोळांचे थवे मध्यप्रदेशाकडून अमरावती जिल्ह्यात उतरले. मोर्शी-वरुडचा संत्र्याचा मुलूख ओलांडून ते वर्धा जिल्ह्यात आणि मग आपल्या पश्चिमेस असलेल्या काटोल तालुक्यात आले. लोकांनी डबे बडविले, काडीकचरा पेटवून धूर केला. कृषी खात्याच्या लोकांनी अग्निशामक बंब आणवून रात्रीच्या वेळी झाडांवर औषध मारले. रात्रच का, तर टोळाचे रक्त थंड असते. दिवस मावळला की तो झाडावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागून अंग तापल्याखेरीज उडू शकत नाही. त्याला मारावयाचा तर ह्याच वेळी. त्यानंतर थवे पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूस सरकले. रब्बी घरात आलेली, खरिपाची पेरणी व्हावयाची, अशा मोकळ्या शिवारात ते आले म्हणून भाजीपाला व संत्र्याची कोवळी पालवी ह्यांवरच बहुतेक निभावले. हेच थवे दोन महिने उशिरा आले असते तर काय झाले असते ह्याची कल्पना न केलेली बरी.

हा प्राणी आला कोठून? मे 2018 मध्ये मेकुनू व त्याच वर्षी ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या दक्षिण वाळवंटावर जाऊन बरसली. जेथे वर्षेच्या वर्षे थेंब पडत नाही तेथे तळी साचली व हिरवळ उगवली. त्या निर्मनुष्य वाळूत टोळांच्या तीन पिढ्या कोणाच्याही नजरेस न पडता वाढल्या. तेथून एक फाटा येमेनमार्गे पूर्व आफ्रिकेत गेला. केनियाने तर सत्तर वर्षांत पाहिली नव्हती अशी टोळधाड पाहिली. दुसरा फाटा इराण व पाकिस्तानातून राजस्थान-गुजरातेत आला, आणि त्याचीच एक लाट आपल्यापर्यंत पोहोचली. म्हणजे अरबस्तानातील वादळाचा पाऊस दोन वर्षांनी काटोलच्या संत्र्यावर उतरला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

टोळाचे सर्वांत मोठे नवल असे की तो मुळात थव्याने राहणारा प्राणीच नव्हे. पाऊसपाणी बेताचे असते त्या काळात तो एकटा, भुरकट अंगाचा, रात्री संचार करणारा व आपल्याच जातभाईंना टाळणारा एक साधा नाकतोडा असतो. ह्या एकट्याला आणि थव्यातल्या टोळाला पूर्वी विद्वान मंडळी दोन वेगळ्या जाती समजत असत. ते दोन्ही एकाच जातीचे दोन अवतार आहेत हा सिद्धान्त बोरिस उवारोव ह्या शास्त्रज्ञाने 1921 साली मांडला. पाऊस पडून हिरवळ उगवते, टोळ वाढतात. पुढे हिरवळ आटू लागली की उरलेल्या तुकड्यांवर त्यांची दाटी होते. मागच्या तंगड्यांना तंगड्या घासू लागल्या की काही तासांतच त्यांच्या शरीरात सेरोटोनिन नावाचे द्रव्य वाढते, आणि एकमेकांना टाळणारे ते जीव एकमेकांकडे ओढले जाऊ लागतात. हा सेरोटोनिनचा शोध 2009 सालचा आहे. पुढे रंग पालटतो. पंख फुटलेला परंतु वयात न आलेला टोळ गुलाबी असतो व अंडी घालण्यास योग्य झाला म्हणजे पिवळा पडतो. आपल्याकडे आलेले थवे गुलाबीच होते. दोन्ही शत्रूंच्या अंगावर हाच एक नाजूक रंग असावा हा योगायोग म्हणावयाचा.

मादी ओलसर वाळूत पोटाचे टोक खुपसून बोट-दीड बोट खोल अंडी घालते. थव्यातील मादीच्या एका पुंजक्यात ऐंशीच्या आत-बाहेर अंडी असतात. त्यातून सुमारे दोन आठवड्यांनी बिनपंखी पिले निघतात, ती पाच वेळा कात टाकतात व मग उडतात. वाऱ्याच्या दिशेने एका दिवसात शे-दीडशे किलोमीटर जाणे हा त्यांचा नित्याचा पल्ला आहे. एक चौरस किलोमीटर थव्यात चार कोटींपर्यंत, व दाट असल्यास त्याहूनही अधिक टोळ असू शकतात. एकेकाचे वजन सुमारे दोन ग्रॅम, आणि आपल्या वजनाइतके अन्न तो रोज खाऊ शकतो. ह्याचा हिशेब मांडला तर एका दिवसाचे 800 क्विंटल होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मते हे 35,000 माणसांचे एका दिवसाचे अन्न होय. 1926 ते 1931 ह्या वर्षांतील टोळधाडीने हिंदुस्थानात सुमारे दहा कोटी रुपयांचे पीक गेले, आणि त्या काळचे दहा कोटी म्हणजे काय हे जुन्या जमाखर्चाच्या वह्या पाहिलेल्यांस सांगावयास नको. त्या अनुभवावरून 1939 साली टोळ-सूचना संघटना निघाली. तिचे लोक जोधपूर, बिकानेर, जैसलमेरच्या वाळूत आजही गस्त घालतात, आणि पावसानंतर कोठे हिरवळ उगवली ह्याची उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जगभर नोंद ठेवली जाते. 2020 साली तर आपल्या देशात चालकाविना उडणाऱ्या ड्रोन यंत्रांनीही टोळांवर फवारणी झाली.

सावनेरच्या शेतकऱ्याने टोळाविषयी करावयाचे ते इतकेच: सूचना आली तर रात्र पडण्यापूर्वी थवा कोठे बसला हे पाहून कृषी अधिकाऱ्यांस कळविणे. बाकीचे काम सरकारांचे आहे. तीही एकट्या आपल्या सरकारची गोष्ट नव्हे. ओमानच्या वाळूत झालेल्या दुर्लक्षाला आपण येथून काय करणार?

आता बोंडातील अळीकडे वळू. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2017 मध्ये विदर्भात कपाशीची झाडे हिरवीगार, बोंडांनी लगडलेली होती. सीतादही करून पहिला वेचा घेतला तोपर्यंत सर्व ठीक होते. पुढे मजुरांनी बोंडे उमलण्याची वाट पाहिली तो ती नीट उमलेनात; उमलली त्यांत रुई पिवळी, डागाळलेली, सरकी पोकळ, अशी नुसती किडकी कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्रात तेव्हा चाळीस लाख हेक्टरांहून अधिक जमीन कपाशीखाली होती. पुढे शासनाने मदत जाहीर केली. राष्ट्रीय आपत्ती निधीच्या दराने ती कोरडवाहूस हेक्टरी 6,800 व ओलितास 13,500 रुपये, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. एवढा अनर्थ करणारा प्राणी पूर्ण वाढला तरी लांबीला जेमतेम अर्ध्या इंचाचा!

ह्याचा पतंग गडद तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दिवसा पालापाचोळ्यात दडणारा व रात्री उडणारा असतो; म्हणून वीस वर्षे कपाशी पिकविणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो. मादी पात्यांवर, फुलांवर व कोवळ्या बोंडांच्या देठाकडील आवरणाखाली शे-दीडशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि पाहता पाहता फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळीने जखडल्या जाऊन उमलत नाहीत. हीच ती डोमकळी. बोंडात शिरली तर शिरल्याचे छिद्र बोंड वाढताना बुजून जाते, आणि मग बाहेरून कोणतीच खूण राहत नाही. छत, भिंती, अन्न व ओलावा हे सर्व तिला एकाच ठिकाणी मिळते. शिकारी पक्षी तिला पाहू शकत नाही, मित्रकीटक तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि फवारलेले औषधही तिला लागत नाही. दोन आठवडे सरकी खाऊन ती बाहेर पडते, जमिनीवरील पाल्यात किंवा भेगेत कोष करते, व पुन्हा पतंग. हंगामात अशा चार ते सहा पिढ्या होतात.

टोळ मिळेल तो हिरवा पाला खातो. ही अळी मुख्यतः कपाशीवर, आणि थोडीफार भेंडी-अंबाडीसारख्या तिच्या भाऊबंदांवर जगते. परंतु दोहोंतील खरा भेद दुष्काळात दिसतो. वाळवंटात खाणे संपले की टोळ चालू लागतो. जगावयास मुलूख सोडणाऱ्या माणसासारखा पावसाच्या शोधात देशोदेशी हिंडतो. कपाशी संपत आली, थंडी पडली व दिवस लहान झाले की अळी झोपी जाते. दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोटात, न उमललेल्या बोंडात, पऱ्हाटीच्या गंजीत किंवा जमिनीच्या भेगेत ती अंगाभोवती गोल कोश विणून खाण्यापिण्याविना महिनोन्महिने पडून राहते. जूनचा पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की पतंग होऊन बाहेर येते. त्या वेळी शेतात पात्या लागलेली कपाशी असेल तर तिचा संसार पुन्हा सुरू झाला. नसेल तर तो पतंग आठ-पंधरा दिवसांत अंडी घालण्यास जागा न मिळता मरून जातो. ह्या एका गोष्टीत तिच्या बंदोबस्ताची सारी किल्ली आहे.

अळीला पायपीट करावी लागत नाही ती आणखी एका कारणाने. तिचा प्रवास आपणच घडवून आणतो. ह्या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन 1843 साली झाले, तेही गुजरातेतील भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तमध्ये पोहोचली, इजिप्तच्या सरकीबरोबर 1911 च्या सुमारास मेक्सिकोत, आणि 1917 साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात. तेव्हापासून शंभर वर्षे अमेरिकन शेतकरी तिच्याशी झगडले. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांच्या सरकारने कपाशीचा मुलूख ह्या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. बीटी कपाशी तेथेही होती. परंतु तिच्या जोडीला ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाट्या नष्ट करण्याचा कायदा होता, नर पतंगांस चकविणारा गंध शेतोशेत पसरला होता आणि वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले जात होते. एकट्या बियाण्यावर ते विसंबले नाहीत.

आपण विसंबलो. बीटी कपाशीस आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली व दोन जनुकांचे वाण 2006 साली आले. पहिली काही वर्षे बोंडअळी जणू नाहीशीच झाली, फवारण्या कमी झाल्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या थैलीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची एक पुडी मिळत असे. तिच्या ओळी शेताभोवती लावावयाच्या होत्या, म्हणजे तेथे वाढलेले साधे पतंग बीटीवर वाचलेल्या चिवट पतंगांशी जुगून पुढील पिढी पुन्हा दुबळी व्हावी. ती पुडी किती धुऱ्यांवर पेरली गेली आणि किती गोठ्याच्या वळचणीला पडून राहिली, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. त्यातच आपले वाण संकरित असल्यामुळे एकाच बोंडात काही सरक्यांत विष अधिक व काही सरक्यांत कमी असते. अळीला विष पचविण्याचा सराव घरबसल्या मिळाला. गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी 2008 च्या सुमारास आढळली आणि काही वर्षांनी दुसऱ्यालाही. 2017 साली विदर्भात जे घडले ते अकस्मात नव्हते.

येथे पंचनाम्याविषयी थोडे विषयांतर करतो. टोळाने खाल्लेले शेत धुऱ्यावर उभे राहून लिहिता येते. उघडे देठ दुरूनही दिसतात. बोंडअळीचे शेत धुऱ्यावरून उत्तम दिसते, पुष्कळदा शेजाऱ्याच्या निरोगी शेताहून अधिक हिरवे, कारण बोंडे किडली की झाड नवा पाला व नव्या पात्या काढीत राहते. 2015 पासून मदतीसाठी नुकसान 33 टक्के असावे लागते. तो आकडा गाठला की नाही हे बोंडे फोडून मोजल्याखेरीज कळणे शक्य नाही. म्हणून असा प्रसंग आल्यास शेतकऱ्याने तलाठी व कृषी सहायक ह्यांच्यासमोर शेताच्या चार कोपऱ्यांतून व मध्यातून हिरवी बोंडे तोडून, तेथेच फोडून, किती फोडली व किती किडकी निघाली हा आकडा पंचनाम्यात शब्दांत लिहून घ्यावा. 'बोंडअळीचा प्रादुर्भाव दिसतो' एवढ्या मोघम वाक्याला पुढे वरच्या टेबलावर काडीची किंमत राहत नाही.

आता मुख्य अडचणीची गोष्ट. शास्त्रज्ञ सांगतात की कपाशी डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, संपवावी व फरदड ठेवू नये. सल्ला सोपा आहे, पण फरदड ठेवणारा शेतकरी मूर्ख नसतो. झाड उभे आहे, विहिरीला चार तास पाणी आहे, खत-मशागतीचा नवा खर्च नाही, आणि एक पाणी दिले की दोन-तीन क्विंटल आणखी पदरात पडण्याची आशा आहे. उशिरा भाव चढेल हेही मनात असते. पऱ्हाट्यांचे तसेच, आजही पुष्कळ घरच्या चुलीला त्यांचाच आधार आहे, म्हणून त्या रचून ठेवल्या जातात. ह्या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. परंतु त्या फरदडीच्या दोन-तीन क्विंटलांत बरीचशी कवडीच असते, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवे बोंड मिळत राहिल्याने झोपी जाणाऱ्या अळ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. जमाखर्च मांडताना आपण फरदडीचा कापूस जमेस धरतो, पण पुढल्या वर्षीच्या फवारण्या व किडका वेचा तिच्या खात्यावर खर्ची घालीत नाही. ओलिताची सोय आहे त्याने त्याच पाण्यावर उशिराचा गहू किंवा उन्हाळी भाजीपाला घ्यावा. सोय नाही त्याने फरदडीचा मोह धरूच नये. कोरडवाहू फरदड ही बहुधा जनावरांच्या तोंडीच जाते. जळणासाठी पऱ्हाट्या लागतातच तर त्यांवरील वाळकी बोंडे झोडून जाळावी व मेअखेर गंज संपेल इतक्याच पऱ्हाट्या घरी आणाव्या. उरलेल्यांचा यंत्राने बारीक चुरा करून शेतातच मिसळता येतो. हे यंत्र गावाने मिळून भाड्याने आणल्यास एकट्यावर भार पडत नाही.

गावाने मिळून हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. पतंगास धुरा कळत नाही. नऊ जणांनी शेत मोकळे केले आणि दहाव्याने दीड एकर फरदड राखली तर नऊ जणांचा त्याग त्या दीड एकरात बुडतो. पूर्वी गावात गायरान राखण्याचा, पाण्याची पाळी लावण्याचा ठराव होत असे. कपाशी मोकळी करण्याच्या तारखेचा ठराव होण्यास काय हरकत आहे? त्याच बैठकीत मे महिन्यात ओलितावर होणाऱ्या आगाप लागवडीचाही विचार व्हावा. जूनच्या आरंभी निघालेल्या पतंगांना पात्या आयत्या मिळतात त्या ह्याच शेतांत.

लागवडीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावे. त्यांत मादीच्या गंधाची गोळी असते व नर तिला भुलून अडकतात. सापळा पाहणे हे सकाळच्या फेरीचे काम समजावे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की वेळ आली असे समजावे. त्याखेरीज दर आठवड्यास एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहावी, वीसांत दोन किडकी निघाली तर कृषी विद्यापीठाने त्या वर्षी सांगितलेले औषध फवारावे, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर पुरते कपडे, हातमोजे व तोंडावर फडके असल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ देऊ नये. डोमकळ्या दिसतील तशा तोडून जाळाव्या. हे काम घरातील मुलेही करू शकतात. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपूरलाच आहे. तेथे जाऊन शंका विचारण्यास सावनेरहून अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.

राहता राहिले जिनिंगचे कारखाने. दूरदूरच्या गावांचा कापूस तेथे एकत्र येतो, त्यातील सरकीत झोपलेल्या अळ्याही येतात, आणि आवारात सांडलेल्या सरकीतून व कचऱ्यातून उन्हाळ्याअखेर पतंग उडतात. जिनिंगच्या आवारात सापळे व प्रकाशदिवे लावावेत व कचरा वेळच्या वेळी जाळावा, अशी सूचना कृषी खात्याने दिलेली आहे. ती कोठे पाळली जाते आणि कोठे नाही हे कापूस घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीस आपोआप पडते. गाडी रिकामी होईपर्यंतच्या वेळात त्याने आवारात एक फेरी मारून सापळ्यांची चौकशी मालकाकडे करावी.